गावकरांचा शंभराचा दिवा

ता. मालवण, जि. रत्नागिरी
कार्तिक वद्य पंचमी, १९६३

थोरले मेव्हणे, कोल्हापूरचे वीजसामानाचे व्यापारी श्री. बाबूराव यांच्या चरणी धाकट्या मास्तर मेव्हण्याचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत, असं तुमची बहीण माई रोज मला विचारते (जणू ते माझ्याकडे ठेवायला दिले आहेत). तरी एक ओळ लिहून कळवावं. इकडे आम्ही खुशाल आहोत आणि गावात वीज आली आहे. या दोन्ही गोष्टी एकदम किती दिवस टिकतील, हे मात्र मी सांगू शकत नाही.

त्याचं असं झालं. यंदा जत्रेला देवळापुढे विजेचे दिवे लावायचे ठरले. मानकरी सहा, म्हणून दिवे सहा. पहिला मान जयराम गावकरांचा (शाळा समितीचे अध्यक्षही तेच, आणि माझी नोकरी कायम होण्याच्या कागदावर सही करायला त्यांना वर्षभर सवड झाली नव्हती). आपल्याकडे नारळापासून पालखीच्या खांद्यापर्यंत सगळं मानाच्या क्रमाने चालतं, हे तुम्ही जाणताच. गावकर वायरमनला म्हणाले, "करंट पयलो माझ्या दिव्यात येवक व्हयो, मगे बाकीच्यांच्या." वायरमन मालवणचा, त्याला संध्याकाळची एसटी गाठायची होती. त्याने एकच तार घेतली, ती गावकरांच्या दिव्यातून काढून दुसऱ्याच्या दिव्यात घातली, तिथून तिसऱ्याच्या, आणि अशी माळ ओवत शेवटी गुरुदासाच्या दिव्यापाशी नेऊन तो मोकळा झाला. दिवे ज्याचे त्याने आणायचे होते. गावकरांनी शंभर वॅटचा आणला, मधल्या चौघांनी साठाचे, आणि पालखीमागे अब्दागीर धरण्याचा शेवटचा मान ज्याचा, त्या गुरुदासाने आपली पायरी ओळखून पंचविसाचा.

चाचणीला बटण दाबलं. गावकरांच्या दिव्यातली तार विझत आलेल्या विडीएवढी लाल झाली. मधले चौघे त्याहून जरा बरे. आणि टोकाला गुरुदासाचा दिवा असा पेटला की त्याखाली गुरुदासाचा घाबरलेला चेहरा साऱ्या गावाला दिसला. झालं. शेपटाकडे बसून याने सगळ्यांचा करंट ओढला, असा आरोप झाला. देवीला कौल लावून त्याचा अब्दागिरीचा मान काढून घ्यावा, इथपर्यंत मजल गेली. आता गुरुदास म्हणजे कोण, तर आपल्या विमलेचा होणारा सासरा. मार्गशीर्षातली तिथी धरलेली आहे. माईने घरी आल्या आल्या जाहीर केलं, "मान गेलेल्या घरात माझा चेडू मी देवचंय नाय." विमला दोन दिवस जेवली नाही, आणि मुलीचं ताट तसंच परत जाताना पाहून मीही पानावरून उठलो.

कौलाआधी शास्त्र काय म्हणतं ते मास्तरांनी सांगावं, असं गावकरांनी फर्मावलं. मी शाळेचा फळा देवळात नेला. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, म्हणजे करंट अडवण्याचा जोर, मिळतो आणि गुणलं की शक्ती, एवढं (ब्राह्मण, मराठा, गाबीत असा कुठलाही भेद न करता) सगळ्यांच्या गळी उतरवलं. पुढे मांडलं की शंभराचा दिवा घरी एकटा असला तर २३० व्होल्टवर ०.४३ अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध सुमारे पाचशे तीस ओहम. पंचविसाचा घेतो ०.११, म्हणजे रोध एकवीसशेच्या आसपास. माळेत करंट सगळ्यांतून सारखाच जातो, एक थेंब कोणी चोरू शकत नाही. पण ज्याचा रोध मोठा त्याच्या वाट्याला व्होल्ट जास्त, आणि व्होल्ट जास्त म्हणून उजेडही जास्त. बोलून झाल्यावर खडू खिशात टाकून मी दोन पावलं मागे सरकलो, कारण याचा सरळ अर्थ गावकरांचा दिवा मोठा म्हणूनच मंद, असा होता.

गावकरांनी फळ्यावरचे दोन्ही रोध बोट ठेवून पुन्हा वाचून घेतले. मग त्यांचा चेहरा उजळला (दिव्यापेक्षा पुष्कळच). "म्हणजे जो जास्ती अडवता, तेकाच जास्ती गावता? ह्यां माका शिकवक नको, मास्तर. पंचायतीत मी आणि काय करतंय?" गुरुदासावरचा आरोप तिथल्या तिथे मागे घेतला गेला. फक्त अडवण्याचा मान पहिल्या घराचा, म्हणून पंचविसाचा दिवा गावकरांनी घेतला आणि आपला शंभराचा मोठ्या मनाने गुरुदासाला दिला. शास्त्र आपल्या बाजूचं निघालं या आनंदात त्यांनी माझ्या कागदावर सहीसुद्धा केली. अब्दागीर गुरुदासाकडे राहिलं, विमला जेवली, आणि मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

वहिनींना नमस्कार, मुलांच्या पाठीवर एकेक धपाटा.

तुमचा
भिकाजी मास्तर

ता. क. मुद्द्याचं राहिलं. गुरुदासाचा दिवा आता पेटला आहे की नाही हे हात लावून पाहावं लागतं, आणि जत्रेला विहीण-व्याह्यांचे चेहरे पाहुण्यांना दिसायला हवेत, असं माईचं म्हणणं आहे. तरी दुकानातला सगळ्यात बारका, पंधरा वॅटचा दिवा जत्रेआधी पाठवावा. गावकरांनीही तुमचा पत्ता मागून घेतला आहे. त्यांना पंचविसाच्या खालचा माल नाही म्हणून कळवावं.

ता. क. दुसरं. प्रत्येक दिव्याला तारेची जोडी वेगळी दिली तर सगळ्यांना पुरते २३० व्होल्ट मिळतात आणि देऊळ लखलखतं. पण मग शंभराचा तो शंभराचाच आणि पंधराचा तो पंधराचाच. हे मी फळ्यावर लिहिलेलं नाही. विमलेवर अक्षता पडेपर्यंत गाव अंधारातच बरा.