जर्मन मशीन, स्विस मशीन आणि तुमचं मत

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी वर्कशॉपमधला प्रत्येक निर्णय अजून तुम्हीच घेता. मला याचा वैताग आला आहे, म्हणून लिहिते आहे.

विषय लोखंड कोरणाऱ्या मिलिंग मशीनचा आहे. ठिबक सिंचनाच्या प्लास्टिक जोडण्यांचे साचे आपल्या नेकनूरच्या शेडमध्ये बनवायचे ठरवून मी पुण्याची टूलरूममधली नोकरी सोडली. साच्याचे दोन भाग एकमेकांवर नीट टेकले नाहीत तर प्लास्टिक फटीतून बाहेर येतं, आणि आपल्या जुन्या मशीनवर तेवढं बारीक काम होत नाही. व्यापाऱ्याकडे दोन वापरलेली युरोपी मशीनं होती, एक जर्मन, एक स्विस, दोन्ही माझ्याहून वयानं मोठी. शेडमध्ये जागा एकाचीच. चुकीचं आलं तर साचे होणार नाहीत आणि मी परत पुण्याला. तुमच्यानंतर शेड तुमचे भाऊच बघतात, म्हणून हे मी काकांना आधीच सांगितलं होतं. त्यांना जर्मन हवं होतं. कारण विचारलं तर म्हणाले, "अण्णा आसते तर त्यांनी ह्येच घेतलं आसतं."

मी एक अख्खा दिवस केसाएवढा फरकही दाखवणारा डायल गेज लावून दोन्ही तपासली. जर्मन वजनदार, टेबल लांब, डोकं दोन्ही बाजूंना कलतं, हत्यारं कुठेही मिळतात. पण काम नेहमी टेबलाच्या मधोमध होतं, त्यामुळे टेबल सरकवणारा स्क्रूही मधेच झिजतो. टोकांना घट्ट, मधे आलं की चाक फिरतं आणि टेबल हलतच नाही. मधल्या भागासाठी स्क्रूवरचा नट आवळला तर टोकाला टेबल अडकतं. स्विस मशीन त्याच्या निम्म्या वजनाचं, टेबल आखूड, कटर धरणारे कॉलेट आपल्याकडे मिळत नाहीत, ते बनवून घ्यावे लागतील. पण ढिलाई सगळीकडे सारखी आणि नगण्य. हे सगळं मी कागदावर मांडून काकांसमोर ठेवलं. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि जर्मन मशीनच्या ताज्या हिरव्या रंगावरून हात फिरवला. "रंग बघ की! लई जपलंय मशीन. आन् ते दुसरं? घड्याळवाल्याचं हाय. साखर कारखान्याचा दुरुस्तीला आलेला शाफ्ट त्याच्यावर ठिवला तर उताणं पडंल."

ही रंगाची खोड तुमचीच. मी नववीत आहे, खंडेनवमी आहे, तुम्ही सकाळपासून लेथला ऑइल पेंट देताय, दरवर्षीसारखा, आणि दरवर्षीसारखीच तेल सोडायची भोकंही रंगानं बुजताहेत. मी तार घेऊन एकेक भोक मोकळं करते. तुम्ही ओरडता, "सणाच्या दिवशी मशीनला टोचती व्हय गं?" उरलेली भोकं बुजलेलीच राहिली आणि दिवाळीनंतर बेअरिंग कोरडं पडून गेलं. तुम्ही माल खराब म्हणालात. दहावीच्या निकालाला तुम्ही मला वर्तमानपत्रात गुंडाळलेला डायल गेज दिलात, आणि देताना म्हणालात, "घे. पर माझ्या कामाचं माप घ्यायचं न्हाई, हां." मी घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

परवा चहा पिताना काकांनी फोन हातात घेतला. "सांगतो त्या व्यापाऱ्याला, जर्मन ठिव म्हणून." माझ्याकडे आणखी आकडे होते. ते मी सांगितले नाहीत. मी म्हणाले, "काका, अण्णा एकदा म्हणाले होते, बारीक कामाला बारीकच मशीन लागतं."

काकांचा अंगठा थांबला. "कवा?"

"मी बारावीत असताना."

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "हां. म्हणले हुते. आमी लिंबागणेशला गेलतो, तवा. मी गाडी चालवीत हुतो, ते मागं बसले हुते." आणि त्यांनी व्यापाऱ्याला स्विस सांगितलं. कारखान्याचे शाफ्ट बाहेरून करून घेऊ, हेही स्वतःच म्हणाले.

तुम्ही असं कधीही म्हणाला नाहीत. तुम्ही जर्मनच घेतलं असतं, आणि तेही रंग बघून. दिवसभराच्या मापांनी जे झालं नाही ते तुमच्या नावावरच्या एका खोट्या वाक्यानं झालं, याची मला चीड आहे. तुमची, काकांची आणि थोडी माझीही. मशीन सोमवारी येतंय. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे एवढं लिहायला हरकत नाही: काका ती न घडलेली आठवण सांगत होते तेव्हा मी त्यांना थांबवलं नाही. उलट विचारलं, "आणखी काय म्हणाले?"