टीव्हीवाले येणार म्हणून ओढा धुतला

आदरणीय दाजी यांना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

पत्र हाती पडेल तेव्हा आपला उजवा गुडघा (डावा असल्यास डावा, ताई फोनवर आलटून पालटून दोन्ही सांगते) वळणावर आलेला असावा, ताईचं ब्लडप्रेशर औषधाचं ऐकत असावं आणि निवृत्तीनंतर आपण गच्चीत लावलेल्या टोमॅटोंना एखादा तरी टोमॅटो धरलेला असावा, अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम. हिची पाठ धरली आहे, माझा अंगठा सुजला आहे आणि शेजारचा शिंपी माझ्याशी बोलत नाही. ही तिन्ही दुखणी एकाच कारणाने झाली, ते कारण नीट क्रमाने कळवावं म्हणून पत्राचा घाट घातला. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही दोनदा "हं" म्हणता आणि तिसऱ्यांदा फोन ताईकडे देता.

तर दाजी, आमच्याकडे टीव्ही आला होता. डबा नव्हे, डबा आहेच, टीव्हीची माणसं. सरकारी वाहिनीवर रविवारी सकाळी माहितीपट लागतो तो तुम्ही बघत नाही हे मला ठाऊक आहे (त्या वेळी तुम्ही पेपर तोंडावर घेऊन "वाचत" असता). मी मात्र कित्येक वर्षं एक रविवार चुकवलेला नाही. माझी शाळा लवकर सुटली. पंखे-मोटारी गुंडाळायचं काम मी कुणाच्या हाताखाली नव्हे, जळालेल्या मोटारी उघडून शिकलो. आणि जग कसं चालतं ते या कार्यक्रमातून शिकलो. समुद्राचं पाणी गरम झालं की मासे कुठे जातात, दगडखाणीत काम करणाऱ्या बाईच्या छातीत काय साठतं, जंगल तोडलं की खालच्या गावातली विहीर का आटते, हे मला कुठल्या मास्तरने सांगितलेलं नाही. जाहिरात नाही, ढँण ढँण संगीत नाही, आरडाओरडा नाही. एक बाई येतात, साधा प्रश्न विचारतात आणि समोरच्याचं उत्तर संपलं तरी गप्प राहतात. खरी करामत ती आहे. बाई गप्प राहिल्या की माणसाला राहवत नाही, आणि मग तो जे बोलतो ते खरं असतं. मी हा प्रयोग गिऱ्हाइकांवर केला. "मोटार कशी जळली?" विचारायचं आणि गप्प बसायचं. आधी "आपोआप" म्हणतात. थोड्या वेळाने "पाण्यात पडली असेल" म्हणतात. शेवटी, "मीच पाडली हो."

या बाईंना मी आमच्या ओढ्याबद्दल कळवलं. आमच्या दुकानामागे ओढ्यात तुमच्या ड्रेनेज खात्याचा जो पाइप सुटतो (खात्याचा म्हणतो आहे, तुमचा नव्हे, गैरसमज नको) तो तुम्ही जाणताच. मेन लाइनचं काम होईपर्यंत तात्पुरता टाकला होता. त्या पाइपाच्या सांध्यात आता झाड उगवलं आहे, झाडाला फळं धरतात आणि ती खायला पाखरं येतात, इतका तो तात्पुरता आहे. अख्ख्या वस्तीचा मैला त्यातून ओढ्यात पडतो. आमची मागची खिडकी खिळे मारून बंद आहे आणि हिचा खोकला काही केल्या जात नाही. अर्ज देऊन झाले, साहेबांना भेटून झालं. पाइप मेन लाइनला जोडला जावा, एवढंच मला हवं आहे, आणि ते आता टीव्हीवर दिसल्याखेरीज होणार नाही अशी माझी खात्री झाली होती. (मी स्वतः टीव्हीवर दिसावं ही बाब वेगळी. ती मी मनात ठेवली होती.)

बाई स्वतः पाहणीला आल्या. टीव्हीत दिसतात त्याहून बुटक्या आहेत आणि चप्पल साधी घालतात. ओढ्याच्या काठावर बराच वेळ उभ्या राहिल्या, नाकाला रुमाल लावला नाही. मी म्हटलं, "बाई, वास येत नाही का तुम्हाला?" तर म्हणाल्या, "येतो की. पण मला आज येतोय, तुम्हाला रोज." दाजी, एवढ्या दोन वाक्यांत या बाईंनी मला कायमचं विकत घेतलं. निघताना म्हणाल्या, "गुरुवारी शूटिंगला येतो. सगळं आहे तसंच राहू द्या. आमच्यासाठी काही म्हणजे काही करू नका."

आता तुम्हीच सांगा. पाहुणा "काही करू नका" म्हणाला तर आपल्यात त्याचा अर्थ काय होतो? ही तर ते ऐकून उभीच राहिली. "सगळा देश आपलं मागचं दार बघणार, आणि ते असं? माझ्या माहेरचे बघतील!" (म्हणजे तुम्ही नव्हे, तुम्ही माझ्या बाजूचे.) झालं. बुधवारी सकाळी सगळी गल्ली झाडू, घमेली आणि फावडी घेऊन ओढ्यात उतरली. अर्जावर सही मागितली तर ज्यांच्या हाताला मुंग्या यायच्या ती माणसं गुडघाभर चिखलात उभी राहून एकमेकांना "जरा डावीकडचं पण घे" सांगत होती. देखरेख माझ्याकडे होती, कारण तपशील बघणारं दुसरं कुणी नाही. एक गादी निघाली, तीन पायांची खुर्ची निघाली, डबे, बाटल्या, संगणकाचा पडदा आणि चिंध्यांची गाठोडीच्या गाठोडी. शिंपी म्हणाला, "ही माझी नाहीत हं." एक गाठोडं उघडलं तर त्यात त्याची मापाची टेप. "बघा, कुणी तरी टेपसुद्धा चोरली होती माझी!" म्हणाला आणि खिशात घातली.

राहिला पाइप. काठ असा चकचकीत आणि मधोमध तो ओकतोय, हे डोळ्याला बरं दिसेना. शिवाय कॅमेरावाल्याने उभं कुठे राहायचं? मी शिंप्याच्या चिंध्या गोणपाटात ठासून बोळा केला, त्यामागे लाकडाची गोल पाचर कातून ठोकली, आणि पाइपाचं तोंड बंद केलं. एका दिवसाचा तर प्रश्न. थेंब गळला नाही, दाजी. कुणी तरी हात लावून बघायला हवं होतं, असं काम झालं होतं.

गुरुवारी गाडी आली. बाई, एक कॅमेरावाला आणि कानाला भलेमोठे हेडफोन लावलेला एक ध्वनीवाला, बस. मला वाटलं होतं निदान दोन ट्रक येतील. बाई ओढ्याकडे गेल्या आणि बघतच राहिल्या. तळाचे दगड दिसत होते. काठाला शिंप्याने चुन्याची रेघ मारली होती, कपड्यावर खडूने मारतो तशी सरळ. हिने कुंड्या मांडल्या होत्या. मी कौतुकाची वाट बघत उभा. बाई काही बोलेनात. मग माझ्या ध्यानात आलं की हे गप्प राहणं *ते* गप्प राहणं आहे, आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "आम्ही जरासं आवरलं."

"घाण कुठाय?" कॅमेरावाल्याने विचारलं.

"पाहिजे का? परत टाकतो की!" शिंपी म्हणाला. "कचऱ्याची गाडी अजून नाक्यावरच उभी आहे."

मीही म्हटलं की कुठली वस्तू कुठे होती हे माझ्या डोक्यात पक्कं आहे. गादी तिरकी, फाटकी बाजू वर, खुर्ची तिच्या डोक्याशी. हुबेहूब मांडून देतो. बाई हसल्या, पण मान हलवली. "नाही हो. आम्ही मांडत नाही. असतं ते दाखवतो." दाजी, चित्रण बिघडलं होतं, येण्याजाण्याचा खर्च पाण्यात गेला होता, आणि बाईंना हे चार मिनिटांत उरकून घरी जाता आलं असतं. कोण बघायला येणार होतं? पण नाही म्हणजे नाही. इतकी वर्षं रविवारी मी ज्याच्यावर विश्वास ठेवला ते खरं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मला भरून आलं. (शिंप्याला नाही आलं. तो गाडी थांबवायला निघालाच होता.)

"तुमची मुलाखत तरी घेऊ," बाई म्हणाल्या. मी दुकानात स्टुलावर बसलो. मागे तांब्याच्या तारेची रिळं जाडीप्रमाणे लावलेली होती, ती कॅमेऱ्यात यावीत म्हणून मी स्टूल दोनदा सरकवलं. पहिला प्रश्न झाला आणि ध्वनीवाल्याने हात वर केला. "घूं घूं येतंय." मला ऐकू येईना, मग आलं. पलीकडे शिंप्याचा पंखा, बेअरिंग गेलेलं. मी मुलाखत तिथेच ठेवली, शिडी घेतली, पंखा उतरवला, बेअरिंग बदललं, पंखा चढवला आणि परत येऊन बसलो. "हं, विचारा." ध्वनीवाला माझ्याकडे आदराने बघत होता, आणि मी त्याच्याकडे. भिंतीपलीकडचं बेअरिंग ऐकणारा कान मी आजवर फक्त माझाच पाहिला होता.

मी पुष्कळ बोललो. बाईंच्या दोन प्रश्नांतल्या चुका दुरुस्त केल्या (त्यांनी "नाला" म्हटलं, नाला खात्याने केला, मुळात तो ओढा आहे). बाईंनी राग मानला नाही, प्रश्न पुन्हा विचारला. शेवटी ध्वनीवाला म्हणाला, "आता अर्धं मिनिट कुणी बोलू नका, खोलीचा आवाज घ्यायचाय." रिकाम्या खोलीलाही आवाज असतो आणि तोही टिपून न्यावा लागतो, हे मला या वयात प्रथमच कळलं. सगळे पुतळे झाले. हीसुद्धा गप्प (अर्धं मिनिट!). आणि त्या शांततेत ध्वनीवाल्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने एक बोट वर केलं, मग तेच बोट हळूहळू खाली, जमिनीकडे नेलं.

गुड. गुडगुड. गुडगुडगुड.

बोळा पक्का होता, दाजी. अख्ख्या वस्तीचं पाणी कालपासून जायला वाट शोधत होतं, ती त्याला शिंप्याच्या दारातल्या चेंबरातून सापडली. झाकण आधी नुसतं डोललं, मग एखाद्या भल्या माणसासारखं बाजूला सरकलं, आणि जे वर आलं ते थेट शिंप्याच्या दुकानात शिरलं. गिऱ्हाइकांच्या टांगलेल्या पँटी घोट्यापर्यंत भिजल्या, आत पाय नसताना. शिंपी कात्री घेऊन टेबलावर चढला आणि तिथून त्याने माझ्या वाडवडिलांचा उद्धार केला (तुमच्या सासऱ्यांसकट, क्षमा असावी). मी धावलो, ओढ्यात उतरलो, पाचर उपटली (अंगठा सुजला तो तिथेच). तिच्यामागे काय जोर साठला असेल ते मी हिशेबात धरलं नव्हतं. पुढचा तपशील गाळतो. मी तपशील कधी गाळत नाही, पण ताई टपाल जेवताना उघडते.

कॅमेरा चालू होता.

त्यानंतर काय झालं ते लिहायलाच हवं. बाईंनी पदर खोचला आणि हिच्यासोबत शिंप्याचं दुकान धुतलं. कॅमेरावाला बादल्या भरत होता, ध्वनीवाला पँटी पिळून नव्या बेअरिंगच्या पंख्याखाली धरत होता. मोठी माणसं अशीच असतात की काय कोण जाणे. मी तरी प्रथमच पाहिली. सगळं उरकल्यावर चहा घेताना बाई शांतपणे म्हणाल्या, "आज जे झालं ते मी दाखवीन. पण बोळा तुम्ही घातला होता, हेही दाखवावं लागेल." म्हटलं, अर्थात. मग म्हणाल्या, "आणि खात्याला विचारलं तर ते कळवतात, असा पाइप आमच्या नकाशातच नाही."

दाजी, थंड डोक्याने विचार करा. स्वच्छ ओढा, खात्याचा नसलेला पाइप, त्याला बोळा घालणारा एक इसम आणि बुडालेला शिंपी. असा कार्यक्रम देश बघणार. शिंपी तर टेबलावरूनच म्हणाला, "आता पाइप तुझाच. सांभाळ!" मेन लाइन राहिली बाजूला, खातं मलाच नोटीस काढेल आणि आमची खिडकी मी मेल्यावरही उघडायची नाही.

बाई म्हणाल्या, "तो पाइप टाकताना कुणीतरी हजर असेल ना? तेवढा एक माणूस बोलला तर सगळं उभं राहील." मी काही बोललो नाही. बाईही काही बोलल्या नाहीत. आणि दाजी, बाई गप्प राहिल्या की काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

असो. गुडघ्याला शेक देत जा. ताईला नमस्कार, टोमॅटोंना शुभेच्छा.

आपल्या शब्दाखातर काहीही करायला तयार असलेला
आपला मेहुणा

ता. क. तुमचं नाव आणि पत्ता दिला आहे. शनिवारी सकाळी येतील. घाबरण्यासारखं काही नाही. माणसं तिघंच आहेत. तुम्ही तेव्हा मुकादम होतात, पाइप तुमच्या डोळ्यांसमोर पुरला गेला. "साहेब, आत्ताच मेन लाइनला जोडा, नाहीतर हा इथेच म्हातारा होईल," असं तुम्ही साहेबांना तोंडावर सुनावलंत, हे घरातल्या प्रत्येक जेवणावळीत आम्ही ऐकलेलं आहे आणि दर वेळी अंगावर काटा आलेला आहे. तेच एकदा कॅमेऱ्यापुढे सांगायचं. पेन्शनला धक्का लागत नाही, मी वकिलाला विचारलं.

ता. क. २. बाईंचं ताईशीही फोनवर बोलणं झालं. चांगला तासभर. तुम्ही तयार झाला नाहीत तर ताई बोलणार आहे, तिने शब्द दिला. तिचं म्हणणं असं की तुम्ही साहेबांना सुनावलंत ते साहेबांना नव्हे, घरी आल्यावर तिला सुनावलंत. माझा अर्थातच तुमच्यावर विश्वास आहे. तरी साहेबांचा भाग गाळलात तरी चालेल, दाजी. पाइपाचा गाळू नका.