ठकीच्या गुडघ्यातला धागा

३ मार्च
आले बाई एकदाची! संशोधन संस्थेत नोकरी मिळाली, तिच्या आवारातच दोन खोल्या मिळाल्या आणि ठकीची शाळा कुंपणाला लागूनच. माझी ठकी सहा वर्षांची. आल्या आल्या तिने गॅलरीवर हक्क सांगितला आणि स्वयंपाकघर मोठ्या मनाने मला दिलं. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी मी आता आठ पायांच्या चारशे कोळ्यांबरोबर काम करणार, हे ऐकून भाऊ फोनवर पोट धरधरून हसला.

५ मार्च
काम शिकले. कोळ्याच्या मादीला स्पंजवर उताणी ठेवायची, पायांवर जाळीचं कापड टाकून कडेने टाचण्या लावायच्या. पोटाच्या टोकातून निघणारा धागा चिमट्याने धरून रिळाला लावायचा आणि हँडल एका लयीत फिरवायचं. वीस मिनिटांत शंभर मीटर सोनेरी धागा! मग तिला सोडून पोटभर खायला द्यायचं. कोळ्यांचं खाणंपिणं बघणाऱ्या मावशींनी बजावलं की वीस मिनिटांच्या वर ओढायचं नाही, मग ती स्वतःचं अंग झिजवून धागा द्यायला लागते. आमचे मुख्य संशोधक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यांना या धाग्याने माणसाच्या तुटलेल्या नसा जोडायच्या आहेत. शरीर त्याला परकं मानत नाही म्हणे. मात्र धुऊन, उकळून घेतल्याशिवाय तो जखमेला लावायचा नाही.

१२ मार्च
ठकी पायऱ्यांवरून पडली. गुडघा चांगलाच फुटला, रक्त थांबेना. माझ्या एप्रनच्या बाहीला सकाळचा वीतभर धागा चिकटलेला होता. कच्चा, न धुतलेला. मला ठाऊक होतं. पण माझा जीव खालीवर होत होता, आणि खरं सांगायचं तर लेकीपुढे थोडं मिरवायचंही होतं. गुंडाळला. रक्त लगेच थांबलं.

१४ मार्च
जखम गेली! वणसुद्धा नाही. आई जादूगार आहे, असं ठकीने वर्गभर सांगितलं आणि मीही फुगले. गुडघ्यातून केसाएवढं एक टोक तेवढं बाहेर आलं होतं. ओढलं, तर येतच राहिलं. गुदगुल्या होतात म्हणून ती खिदळत होती. दहा हात झाल्यावर मी थांबले. गुंडाळला होता वीतभर.

१५ मार्च
मास्तरांना सगळं सांगितलं. वाटलं, झाडतील. त्यांनी भिंग आणलं, मग वही. मावशींनी मात्र ठकीला जवळ घेऊन पुन्हा पुन्हा गुडघा चाचपला. संस्थेच्या डॉक्टरांनी टोक त्वचेलगत कापलं आणि काळजीचं कारण नाही म्हणाले.

१६ मार्च
सकाळी ठकीला उभं राहता येईना. पाय गार, चिमटा काढला तरी कळत नाही. दुपारपर्यंत बधिरपणा मांडीपर्यंत चढला. मावशी धावत आल्या. कापलेलं टोक नखाने शोधून त्यांनी ओढायला सुरुवात केली. दहा मिनिटांत ठकीची बोटं हलली, ती हसली. मी ढसाढसा रडले.

१८ मार्च
दोन दिवसांत ठकीचं साडेतीन किलो वजन उतरलं. ओढला तर लेक वाळते, थांबवला तर बधिरपणा वर चढतो. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. धागा अंगभर पसरलाय, कुठे कापायचं ते त्यांनाच कळत नाही. मी काय केलं हे! माझ्या हातांनी.

१९ मार्च
मास्तर म्हणाले, इतका मजबूत धागा आजवर कुणी पाहिला नाही. मोटर लावूया. मी त्यांना खोलीबाहेर घालवलं. तिचा धागा रिळाला लावलाय, हँडल मीच फिरवणार. दूध, अंडी, केळी, जे मागेल ते तिला भरवते आहे. अंगी काहीच लागत नाही.

२० मार्च
हात बदलायला थांबले — क्षणभरच — तेवढ्यात बधिरपणा छातीशी. श्वास अडकला तिचा. आता थांबायचं नाही. मावशी फिरवतात तेव्हा मी डोळा लावते. लागत नाही.

२१ मार्च
मावशींचे हात सुजले. मीच फिरवते आहे, डाव्या हाताने लिहिते. ठकी उशीएवढी हलकी झाली आहे. ती माझ्यावर रागावतही नाही. विचारत होती, आई, तुझा हात दुखतो का —

२२ मार्च
धाग्याचा रंग गेला. पांढरा येतोय. बारीक. सावकाश फिरवते — आणखी सावकाश — ती आणखी थोडी पुरावी म्हणून —

दुपार
हाताला ओढ लागत नाही. धाग्याचं शेवटचं टोक येतंय की काय — नको, बाळा, नको — मी थांबले तर ती — आणि फिरवलं तर —