शंभर फॉर्म आणि कोळशाचा गाळा

सोमवार, ८ फेब्रुवारी १९६०. सकाळी ६ वाजून १० मिनिटे.
नव्या वहीला समास आखत होतो. लाल शाई. तिसऱ्या पानावर पट्टी सरकली, म्हणून पान काढून टाकले व पुन्हा आखले. मागे वहिनी भाकऱ्या थापत होती. त्या थापेने टेबल हलते. टेबल म्हणजे दादाची ट्रंक.
आजपासून मी संशोधक. गिरगावातल्या एका कॉलेजचे प्रोफेसर हेमचंद्र कोठारे ‘लालबाग-परळ भागात लहान धंदे कसे सुरू होतात’ यावर ग्रंथ लिहीत आहेत. दुकानोदुकानी जाऊन बेचाळीस प्रश्नांचे फॉर्म भरून आणायचे. शंभर फॉर्म, मुदत ३१ मार्च. दर फॉर्मला साठ नये पैसे. काम चोख झाले तर कॉलेजात असिस्टंटची परमनंट जागा, महिना नव्वद रुपये. शिवाय पुढच्या वर्षी कॉलेज कामगारांसाठी धंदेशिक्षणाचा संध्याकाळचा वर्ग काढणार आहे. तो बहुधा मलाच शिकवावा लागेल. मी नॉन-मॅट्रिक आहे, पण त्याची अडचण दिसत नाही. प्रोफेसर म्हणाले, तुमचे अक्षर छान आहे.
मिलमधली बदलीची नोकरी, म्हणजे कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम, सोडल्याचे वहिनीला सांगितले. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, भावजी, ट्रंकेवरचे पाय काढा, पीठ उडतंय.

मंगळवार, ९ फेब्रुवारी. दुपारी.
फॉर्म क्र. १. वडेवाला, लालबाग नाका. दोन तास लागले. मधेच त्याचा घाणा करपला. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. ते फॉर्ममध्ये बसत नाही.
प्रश्न १७ फार महत्त्वाचा आहे: ‘हा धंदा निवडताना आपण कोणकोणत्या पर्यायांचा विचार केला?’ वडेवाला म्हणाला, पर्याय कसले, दुसरं काय करणार? या उत्तराला चौकट नाही. ‘इतर’ वर खूण केली.
संकल्प: रोज तीन फॉर्म.

गुरुवार, ११ फेब्रुवारी. सकाळी ९.
काल पगाराचा दिवस, त्यामुळे घरी गर्दी. आमच्या खोलीत बावीस गिरणी कामगार दोन पंगतींत जेवतात. दोन वर्षांपूर्वी दादा गेला, तेव्हापासून वहिनी हे करते. प्रोफेसरांच्या सूचनापत्राप्रमाणे याला धंदा म्हणता येत नाही. पाटी नाही, लायसन नाही, हिशोबाची वही नाही. कोण किती जेवला याच्या रेघा ती भिंतीवर कोळशाने मारते. म्हणून वहिनीचा फॉर्म भरला नाही. तात्या चेष्टा करतो. तात्या म्हणजे आमच्याकडे जेवणारा म्हातारा जॉबर, गिरणीतला मुकादम, छप्पन साली आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेला. म्हणाला, रामदासा, घरात गंगा वाहतेय आणि तू गावभर नळ मोजत फिरतोस.
अशिक्षित माणसाला संशोधन समजावणे कठीण.

शनिवार, २० फेब्रुवारी. रात्री ८.
एकूण फॉर्म ११. अंदाजाप्रमाणे ३३ हवे होते. कारणे: (अ) सर्दी. (ब) पेनचे निब. (क) लोक कामात असतात.
घरची एक बाब. चाळमालकाच्या मेहताजीने वहिनीला तंबी दिली आहे की पाडव्यानंतर वरच्या खोलीत परक्या माणसांचा स्वयंपाक चालणार नाही. धुराच्या तक्रारी आहेत. खानावळ चालवायची तर तळमजल्यावरचा कोळशाचा गाळा घ्या, सहा महिने रिकामाच आहे. पागडी सहाशे. न जमल्यास खानावळ बंद.
वहिनीकडे दादाच्या फंडाचे चारशे दहा आहेत. पाटल्या मोडून एकशे नव्वद आले. मेहताजी एकट्या बाईमाणसाशी पागडीचे बोलत नाही, म्हणून पैसे माझ्याकडे दिले. म्हणाली, भावजी, एवढं करून या, पाडव्याच्या आत.
ट्रंकेत फॉर्मखाली ठेवले. किल्ली माझ्या जानव्याला बांधणार होतो, पण आपल्यात जानवे नाही. करगोट्याला बांधली.
पाटल्या मोडायला सोबत मीच गेलो होतो. सोनाराने वजन केले तेव्हा मी काट्याकडे नीट लक्ष दिले. बाकी काही वाटले नाही.

सोमवार, २२ फेब्रुवारी.
गाळ्याबाबत घाई करायची नाही असे ठरवले. मी या विषयाचा अभ्यासक आहे. शंभर धंदे पाहून झाले की नियम आपोआप दिसतील, मग पैसे गुंतवू. वहिनीला हे सांगितले. तिने विचारले, मेहताजीकडे कधी जाणार? मी म्हटले, निष्कर्ष आल्यावर. तिने कढी उतरवली.

बुधवार, २ मार्च. संध्याकाळी.
हात बसला, आता दिवसाला पाच-सहा फॉर्म होतात. फॉर्म क्र. ५८. उत्तम मुलाखत! काळाचौकीची गंगुबाई. हिची रीतसर खानावळ आहे. दारावर पाटी, भिंतीवर लायसन, म्हणजे धंदा. मला पाट दिला, बांगड्याचे कालवण वाढले. म्हणाली, खा रे बाबा, विचारून विचारून वाळलास.
प्रश्न ३१: ‘धंदा वाढविण्यास जागेची अडचण आहे काय?’ ती म्हणाली, आहे तर, पण जागा ठेवलीय कुणी? सूचनापत्रात लिहिले आहे की उत्तर देणाऱ्यास प्रश्न न कळल्यास उदाहरण द्यावे. मी उदाहरण दिले: समजा, आमच्या चाळीखालचा कोळशाचा गाळा. पागडी सहाशे, पाडव्यापर्यंत मुदत, मेहताजीची पेढी भायखळ्याला, भाजी मार्केटच्या मागे.
तिने पान लावता लावता विचारले, पेढी किती वाजता उघडते? मी तेही सांगितले. शेरा लिहिला: ‘उत्तर देणाऱ्या बाईंनी प्रश्नात विशेष रस दाखविला.’
तिने सुपारी कातरून दिली. संशोधकाला समाजात मान मिळू लागला आहे.

मंगळवार, ८ मार्च.
फॉर्म ७१. हिशोब केला. प्रश्न १७ ला एकाहत्तरपैकी अडुसष्टांनी ‘दुसरं काय करणार?’ हेच सांगितले. लोहार, न्हावी, पानवाला, सगळे एकच. असा ग्रंथ कोण वाचेल? प्रोफेसर खट्टू होतील.
ठरवले: लोकांच्या मनात विचार असतो, शब्द नसतात. ते शब्द पुरवणे माझे काम. यापुढे प्रश्न १७ ला व्यवस्थित वाक्य घालणे. जुन्याही काही फॉर्मांत घातले. वाक्य: ‘तीन पर्यायांचा साधकबाधक विचार करून प्रस्तुत धंद्याची निवड केली.’ वाचायला चांगले वाटते.

सोमवार, १४ मार्च. दुपारी ४.
निष्कर्ष यायला वेळ आहे, पण वहिनीने सलग चार दिवस विचारले. म्हणून भायखळ्याला पेढीवर गेलो. सहाशे रुपये रुमालात. फॉर्मही सोबत नेले. वेळ फुकट जाऊ नये.
मेहताजींनी बसवले, चहा मागवला. म्हणाले, गणपतचा भाऊ ना तू, चांगला माणूस होता. मग गादीचा कोपरा उचलून धरला. म्हणजे पैसे तिथे ठेवायचे. मी म्हटले, आधी पावती. ते हसले. म्हणाले, अरे भाऊ, पागडीची पावती कुठे असते? उद्यापासून गाळा तुझा, भाड्याची पावती दर महिन्याला घे. मी नम्रपणे सांगितले की लेखी पुराव्याशिवाय केलेला व्यवहार हा आधुनिक अर्थाने व्यवहारच नव्हे. ते म्हणाले, बरोबर, म्हणूनच तर लिहायचं नाही.
मी तडजोड सुचवली. पावतीवर ‘देणगी’ लिहा. ते हसायचे थांबले.
तेवढ्यात मला सुचले की मेहताजींचाही फॉर्म भरता येईल. फॉर्म काढला, प्रश्न २३ वाचला: ‘जागेसाठी पागडी द्यावी अगर घ्यावी लागली काय? लागल्यास रक्कम व घेणाऱ्याचे नाव.’
त्यांनी फॉर्म हातात घेतला. छापील आहे, वर नंबर आहे, हे पाहिले. मग गादीचा कोपरा खाली ठेवून वर स्वतः बसले. म्हणाले, साहेब, आमच्याकडे पागडी वगैरे काही चालत नाही, तुम्ही वर कळवा. मला एकदम अहोजाहो सुरू केले. चहा आला तो मला एकट्यालाच प्यावा लागला.
घरी सांगितले, बोलणी चालू आहेत. पैसे सुरक्षित आहेत. वहिनी बराच वेळ माझ्या हातातल्या रुमालाकडे बघत होती. म्हणाली, भावजी, नुसते ठेवायचे होते.

मंगळवार, १५ मार्च.
वहिनी तात्याला घेऊन स्वतः पेढीवर गेली. तात्याने येऊन सांगितले ते असे: मेहताजी हात जोडून म्हणाले, बाई, तुमच्या घरात सरकारी माणूस आहे, मला लेकरंबाळं आहेत. तात्याने शपथ घातली की तो पोरगा सरकारी नाही, नुसता तसाच आहे. उपयोग झाला नाही.
तात्या मला म्हणाला, अरे, तुरुंगात जाऊन आलो तेव्हा माझ्या घराकडे कुणी असं घाबरून पाहिलं नाही.
संध्याकाळी आमटीत मीठ नव्हते. बावीस जणांपैकी कोणीही तसे म्हटले नाही. मीही नाही.
फॉर्म ८३.

सोमवार, २८ मार्च. गुढीपाडवा.
सकाळी खाली गेलो तर कोळशाच्या गाळ्याला चुना दिलेला. दारात गुढी. बाकडी, टेबले, नवीन पाटी. गंगुबाई साखरेच्या गाठी वाटत होती. मला पाहून म्हणाली, ये रे बाबा, तुझ्याच तोंडून लक्ष्मी आली, तोंड गोड कर. पावती मिळाली का, असे विचारले. ती म्हणाली, कसली?
वहीत नोंद केली: क्र. ५८, विस्तार झाला. आपल्या पाहणीचा हा पहिला प्रत्यक्ष परिणाम. प्रोफेसरांना अवश्य कळवणे.
गाठी घरी आणली. वहिनीने ती दादाच्या फोटोला घातली. कोणाकडची, हे विचारले नाही. खिडकीतून पाटी दिसते.

गुरुवार, ३१ मार्च.
फॉर्म १००! शेवटचा दुपारी दोन वाजता, चपला शिवणारा. गठ्ठा बांधून कॉलेजात दिला. शिपाई म्हणाला, प्रोफेसर नाहीत, ठेवा तिथे.
घरी चूल लहान झाली. उद्यापासून दोघांपुरतेच.

शुक्रवार, ८ एप्रिल.
बावीसचे बावीस जण आता खाली जेवतात. तात्या पहिले चार दिवस हॉटेलात जेवला, मग पोट बिघडले. म्हणाला, वहिनी, माफ कर, म्हातारं आतडं आहे. वहिनी म्हणाली, तात्या, जा हो, जेवा, तिच्या हाताला चव आहे.
भिंतीवरच्या रेघा तिने ओल्या फडक्याने पुसल्या. काही पुसल्या जात नाहीत. मी सुचवले की खरवडून काढाव्यात.
वास्तविक मला अपराधी वाटायला हवे, असे मनात आले. अर्धा तास वाट पाहिली. झोप लागली.

सोमवार, १८ एप्रिल. सकाळी ११.
प्रोफेसरांची भेट. नवी इस्त्री. असिस्टंटच्या जागेचा विषय त्यांनीच काढावा म्हणून मी अक्षराकडे त्यांचे लक्ष वेधले. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, मिस्टर, परळमधल्या त्रेसष्ट माणसांनी तीन पर्यायांचा साधकबाधक विचार केला, आणि सर्वांनी तो एकाच वाक्यात सांगितला? मी म्हटले, याला एकवाक्यता म्हणतात. ते म्हणाले, याला दुसरे काहीतरी म्हणतात.
त्रेसष्ट फॉर्म बाद. उरलेल्या सदतिसांत ‘दुसरं काय करणार’ असे उत्तर असलेलेच बहुतेक. ते मात्र त्यांनी दोनदा वाचले. म्हणाले, हे खरे आहे, हे शंभर असते तर मोठे काम झाले असते.
मग त्यांनी विचारले, एखादा धंदा का बंद पडतो, याची एकतरी मुलाखत आणली आहे का? ते कुणीच सांगत नाही, तुमच्या माहितीत कोणी आहे?
मी नीट आठवून पाहिले. म्हटले, नाही.

शनिवार, २३ एप्रिल.
वहिनीने खाली गंगुबाईकडे भाकऱ्या थापायचे काम धरले. महिना चाळीस व दोन वेळचे जेवण. सकाळी ट्रंक हलत नाही. अक्षर जास्त सरळ येते, पण लिहायला काही नाही.
असिस्टंटची जागा एका बी.ए. झालेल्याला मिळाली. त्याचे अक्षर पाहिले. साधारण.

शनिवार, ३० एप्रिल १९६०. संध्याकाळी ७.
उद्यापासून महाराष्ट्र राज्य. चाळीवर दिव्यांच्या माळा, मैदानात लाउडस्पीकर. तात्या सदऱ्याला बिल्ला लावून रडतो आहे, आणि मधेच लोकांना मिठ्या मारतो आहे. मलाही मारली. म्हणाला, मिळाली रे मुंबई. मग कानात म्हणाला, खात्यात बोललोय तुझ्यासाठी, सोमवारी सकाळी बदलीच्या रांगेत उभा राहा, आणि कुणाला काही विचारू नकोस.
वहिनीला गंगुबाईने उद्याच्या दोनशे पानांच्या जेवणासाठी थांबवून घेतले आहे. मधे एकदा वर आली, हात पिठाचे. तेव्हा ट्रंक उघडून सर्व हिशोब मिटवला.

बारा आठवड्यांचा जमाखर्च:
जमा. मान्य फॉर्म ३७, दर ०.६०: रु. २२.२०
खर्च. वह्या २.२५. शाई, पेन्सिल १.१०. बसभाडे ४.८०. मुलाखतीत लोकांना चहा ६.३५. पेन ५.५०. एकूण रु. २०.००
निव्वळ नफा रु. २.२०. पहिल्याच प्रयत्नात नफा, ही बाब लक्षणीय आहे.
येणे: काही नाही.
देणे: तात्याचे पेनासाठी उसने ५.००. पैकी २.२० आज दिले. राहिले २.८०.
वहिनीचे देणे: काही नाही. सहाशे रुपये सहाशेच परत केले, एक नया पैसा बुडाला नाही. मोजून घे म्हटले. तिने पदराला बांधले आणि खाली गेली. मोजले नाहीत.