लिटरला नऊ

४ मार्च

धाकट्याने आज म्हातारीचं इंजिन उतरवलं. मला विचारलंसुद्धा नाही! मी चहाला घरात गेले, परत येऊन बघते तर ते चेनकप्पीला लटकत होतं — तेल गाळत.

म्हातारी म्हणजे डॉक्टरबाईंची जुनी फोर-व्हील जीप. वयाने माझ्याहून मोठी. बाई गुरांच्या डॉक्टर. डोंगरातल्या वस्त्यांवर हीच गाडी चढते, दुसरी चढत नाही. पेट्रोल मात्र ढोसते. नऊ वर्षं ती माझ्या हातची आहे. कार्बोरेटर कितीदा खोलला, टायमिंग कितीदा जुळवलं, तेव्हा कुठे तिचं अ‍ॅव्हरेज साडेतीनवरून पाचवर आलं. कुणी म्हटलं, वा पोरी? आणि हा भाऊ माझा, दीड वर्ष बाहेर नोकरी करून आला आणि म्हणाला, अपघातातल्या व्हॅनचं डिझेल इंजिन बसवून लिटरला बारा देतो. झालं! बाबा लगेच खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले. माझ्या कामापाशी त्यांनी कधी खुर्ची ओढली नाही.

६ मार्च

बाबांनी आज जेवताना जाहीर केलं. गुडघे गेले, आता बास. म्हातारीचं अ‍ॅव्हरेज बारा आलं तर गॅरेज धाकट्याने चालवायचं, मी त्याच्या हाताखाली. नाही आलं तर मी चालवायचं.

म्हणजे माझ्या नऊ वर्षांची परीक्षा त्याच्या इंजिनावर! धाकटा ताटात बघत राहिला. मनात उकळ्या फुटत असणार.

७ मार्च

बारा येऊ नये. येऊच नये. लिहिलं, बरं वाटलं.

११ मार्च

नवीन इंजिन जुन्या गिअरबॉक्सला बसेना. मधली पोलादी प्लेट त्याने लेथवाल्याकडून करून आणली होती, पण भोकं जुळत नव्हती. तासभर झटापट केली आणि मग, ताई, जरा बघतेस का? बघितलं. प्लेट उलटी धरली होती शहाण्याने! फिरवली, चारही बोल्ट लोण्यासारखे गेले.

तेवढ्यात बाबा आले. म्हणाले, "बसवलंस? शाब्बास." त्याला! तो सांगायला लागला की ताईने— पण बाबांचा फोन वाजला आणि ते निघून गेले. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

१५ मार्च

इंजिन सुरू झालं, पण रस्त्यावर बोंब मारतं. वेग काही घेत नाही. धाकट्याने आता दोन्ही अ‍ॅक्सलमधले दाते बदलले. आधी गिअरबॉक्सपासून अ‍ॅक्सलपर्यंत जाणाऱ्या लांब शाफ्टचे पावणेपाच फेरे झाले की चाक एकदा फिरायचं, आता साडेतीनच लागतात. इंजिनाची धाप तेवढी कमी.

हुशार आहे मेला. हे मला का नाही सुचलं? नऊ वर्षं मी त्या कार्बोरेटरच्या एका भोकात डोळा घालून बसले. ह्याने गाडीकडे लांबून बघितलं आणि काय ते ओळखलं. ह्याचंच जास्त पोटात दुखतं. नुसता लाडका असता तर चाललं असतं.

२० मार्च

चाचणी. टाकी गळ्यापर्यंत भरली, डोंगर चढून-उतरून आलो, पुन्हा गळ्यापर्यंत भरली. चालवायला तो, शेजारी वही घेऊन मी. मीटरवर एकशे आठ किलोमीटर, डिझेल लागलं बारा लिटर.

लिटरला नऊ!

डॉक्टरबाई नऊवरही खूश. बाबा मात्र चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. ठरलं ते ठरलं." आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. धाकटा हात धुता धुता शीळ घालत होता. हरल्यावरही ऐट!

रात्र पडायच्या आत खरं काय ते लिहून टाकते. परतताना सरळ रस्ता लागला. कडेचे किलोमीटरचे दगड मी सहज मोजले. चार दगड गेले, मीटर तीनच सरकला. पुन्हा मोजले. पुन्हा चाराला तीन.

मीटरची केबल त्या लांब शाफ्टला लावलेली. ती शाफ्टचे फेरे मोजते, रस्ता नाही. दाते बदलल्यापासून शाफ्ट कमी फिरतो, म्हणून मीटर कमी दाखवतो. एकशे आठ नाही, एकशे चव्वेचाळीस झाले. भागिले बारा.

बारा. पोराने शब्द पाळला.

मी मूग गिळून बसले.

२१ मार्च

आजही.

२३ मार्च

रंगारी येऊन गॅरेजच्या पाटीचं माप घेऊन गेला. माझं नाव येणार, मोठ्या अक्षरांत. टेपचं दुसरं टोक धाकट्याने धरलं. रंगाऱ्याला म्हणाला, ताईचं नाव जरा ठळक काढा. माझा हिशोब चुकला असावा म्हणून परत तीनदा मांडला. तिन्ही वेळा बाराच.

कधीपासून हवं होतं हे! आणि मिळालं तर पाटीकडे बघवत नाही. त्याचाही राग त्याच्यावरच येतो.

२६ मार्च

सांगितलं.

बाबांना म्हातारीत बसवून सरळ रस्त्यावर नेलं. म्हटलं, तुम्ही दगड मोजा, मी मीटर वाचते. दहा दगड मोजले त्यांनी, बोटांवर. मीटर साडेसात. मग विचारलं, "तुला कधी कळलं?" म्हटलं, त्याच दिवशी. त्यांनी गाडी घराकडे वळवायला सांगितली. घरी आल्यावर गॅरेजच्या किल्ल्या धाकट्याच्या हातात ठेवल्या, त्याची पाठ थोपटली. मी बाबांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. निदान माझ्याकडे बघून तरी.

हेवा वाटला. वाटणारच. पण आज झोप लागेल.

२७ मार्च

सकाळी गॅरेजमध्ये दोघंच होतो. धाकटा किल्ल्या हातात घेऊन उभा. म्हणाला, "गाडी मी चालवत होतो ना, ताई? दगड मलाही दिसले होते, मीटरही. एक तारखेला परत नोकरीवर हजर व्हायचं होतं मला. बाबांना तोंडावर गॅरेज नको म्हणायचा धीर नाही माझ्यात. नऊ आले, तेव्हा वाटलं, सुटलो."