सतराच्या पाढ्याखालचं बोलणं

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे पाठवायचा प्रश्नच नाही. तरी लिहून राहिलो. तुझ्या या गणिताच्या मास्तर पोरानं या वयात मोबाईलवरून लिहायला शिकायचा वर्ग लावलाय, दर रविवारी. देश सोडून गेलेल्या माणसांच्या खऱ्या गोष्टी लिहायच्या, एक वाक्यही मनाचं घालायचं नाही, असा तिथला नियम. शिकवणाऱ्या बाई कॅनडात राहतात. वर्गात कोणी दुबईचं, कोणी जर्मनीचं, हिंगोलीचा मी एकटा. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "तुम्ही कुठल्या देशात होता?" म्हटलं, "कुठंच न्हाई. बाप मस्कतला गवंडी होता, मी हिंगोलीकडच्या गोरेगावातच राहिलो." त्या म्हणाल्या, "मग जो राहिला त्याचंच लिहा."

म्हणून मी त्या कॅसेटचं लिहायला घेतलं. बा पहिल्या सुट्टीत टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि आपल्या घरातली पत्रं बंद झाली. तिकडं जाणारं कोणी भेटलं की त्याच्याजवळ कॅसेट द्यायची. तू चुलीपुढं बसतेस, मी बटण दाबायच्या आधी पदर सारखा करतेस, बा समोरच बसलाय असा. गाय व्याली, ज्वारी आली, आत्याला पोरगी झाली, सगळं सांगतेस. आपलं दुखणं शेवटी, तेही अर्ध्या वाक्यात. बाच्या खोलीतले दहाबारा जण मिळून ती कॅसेट ऐकतात हे तुला माहीत होतं, म्हणून कधी रडली नाहीस. त्या दिवशी रडलीस. "पोटात गोळा उठून राहिला, दोन महिने झाले. लय तकलीफ हाय. तुमी एक डाव या." मग डोळे पुसून मला म्हणालीस, "कर बंद. उद्या बराबर नेऊन दे." आणि पाण्याला गेलीस.

मी अकरा वर्षांचा. कॅसेट मागं फिरवली आणि तुझ्या त्या बोलण्यावर सतराचा पाढा म्हटला. मग अठराचा, एकोणीसचा, कॅसेट संपेपर्यंत.

बाला पाढे फार आवडले. खोलीतल्या सगळ्यांना त्यानं पुन्हा पुन्हा ऐकवले, आणि येणाऱ्या माणसाबरोबर मला मनगटी घड्याळ पाठवलं. चार महिन्यांनी इथून तार गेली. तो पोचला तोवर तुझा तेरावा उरकला होता. तेव्हापासून तो एकच बोलतो, आता ब्याऐंशी वर्षांचा आहे तरी. "एवढ्या कॅसेटी धाडल्या, पन दुखण्याचा एक शबुद न्हाई. काहून? मी परका होतो का?" तुझा फोटो त्यानं भिंतीवर लावू दिला नाही, माय. तो ट्रंकेतच आहे.

पहिल्यांदा मी लिहिलं की टेप अडकली आणि तुझं बोलणं पुसलं गेलं. बाईंनी विचारलं, "अडकल्यावर तुम्ही काय केलंत? कॅसेट बाहेर कशी काढली?" मी ते खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं, परक्या माणसांनी आईचं रडणं ऐकू नये म्हणून मीच पुसलं. त्या म्हणाल्या, "हे अकरा वर्षांच्या पोराचं कारण वाटत नाही. आत्ताच्या तुमचं वाटतं." असा राग आला मला! दोन रविवार वर्गात गेलो नाही. पोरांना फळ्यावर उत्तर चुकलं म्हणून मी आयुष्यभर झापलं, आणि मला कोणी म्हणालं तर झोंबलं.

पण बाई बरोबर होत्या. आधीच्या कॅसेटमध्ये बा म्हणाला होता, सतरापासनं म्होरले पाढे पाठ कर, घड्याळ धाडतो. तो काम सोडून मधेच परत आला असता तर घड्याळ कुठलं? एवढंच कारण होतं. दुसरं काही नव्हतं. तिसऱ्यांदा तेवढंच लिहिलं.

ते आता या रविवारी बाला वाचून दाखवणार आहे. बायको म्हणते, "कशाला त्या म्हाताऱ्या जिवाला? झेपंल का त्यांला?" झेपो न झेपो. चाळीस वर्षं तो तुझ्यावर रुसून बसलाय, तो रुसवा माझ्या वाट्याचा आहे. त्याला ऐकू कमी येतं, ओरडून वाचावं लागेल, शेजारच्या घरापर्यंत जाईल. जाऊ दे. मग ट्रंक उघडून फोटोही काढणार आहे, तो हो म्हणो की नको.

एक जागा मात्र भरता आली नाही. बाई म्हणाल्या, आईचा आवाज कसा होता ते दोन ओळींत लिहा. तुझे त्या दिवशीचे शब्द मला पाढ्यासारखे पाठ आहेत, पण ते आठवायला गेलो की माझ्याच त्या अकरा वर्षांच्या आवाजात ऐकू येतात. तुझा आवाज मला आठवत नाही, माय. मनाचं घालायचं नाही हा नियम आहे, म्हणून त्या दोन ओळी कोऱ्या ठेवल्यात.