तीन पेटी पगार

ती. स्व. दमयंती आत्यास,

पनवेलहून तुझ्या भाच्याचा, प्रणितचा, कृ. सा. न. वि. वि. (या अक्षरांचा अर्थ मला शाळेतही कळला नव्हता, पण त्याला दोन मार्क होते, म्हणजे त्यात काहीतरी चांगलंच असणार.) तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावतेस की कुणाला देऊन टाकलंस? देऊन टाकलं असशील तर त्यांचे गुडघे कसे आहेत ते कळव, म्हणजे तेल चांगलं की वाईट ते तरी समजेल. आई बरी आहे. बाबा बरे आहेत, म्हणजे टीव्हीसमोर आहेत. मी बरा नाही. ते पुढे येईलच.

फोन का नाही केला असं तू म्हणशील. आत्ये, तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तू कायम बाजारात असतेस. मागच्या वेळी मी तुला पोटाची तक्रार सांगितली, तर तुझ्या बाजूच्या किशोरी मावशीने कोलंबी तोलता तोलता इसबगोल सुचवलं, आणि किती चमचे घ्यायचे ते मागून एका गिऱ्हाइकाने सांगितलं. (गुण आला, हा भाग वेगळा.) पण आताची तक्रार पोटाच्या जरा वर आहे, छातीत, आणि ती करंज्याच्या मासळीबाजारात सांगण्यासारखी नाही. म्हणून हे पत्र.

रोशनीचं स्थळ तूच आणलंस, म्हणून तुलाच सांगतो. त्या दिवशी आम्ही बघायला आलो तेव्हा मला नोकरी लागून चारच दिवस झाले होते. तुला माहीतच आहे, मी बी.ए. झालो ते मुक्त विद्यापीठातून, आणि तेही अगदी मुक्तपणे, पाच वर्षं घेऊन. मधल्या काळात मी नेऱ्याला एका फार्महाउसवर राखणदार होतो (तिथे दोन बदकं होती, एक मला चावायचं, दुसरं त्याला प्रोत्साहन द्यायचं), मग जिममध्ये रिसेप्शनला, मग फ्रिज विकायला, मग गोव्याला एका मित्राच्या टपरीवर, जी आम्ही पोचायच्या आतच बंद झाली होती. सगळे म्हणतात नोकऱ्या बदलल्या की पगार वाढतो. मी चार बदलल्या. पगार दर वेळी मागेच राहिला, पहिल्या दिवसापासून पुन्हा चालायला लागला. पण कोन गावाजवळच्या या कंटेनर कंपनीने मला ‘ग्रॅज्युएट ट्रेनी’ म्हटलं, गळ्यात फोटोवालं कार्ड दिलं आणि सांगितलं, पॅकेज तीन लाख. वर्षाचं. हा शब्द लक्षात ठेव, आत्ये. वर्षाचं.

तर बघण्याच्या कार्यक्रमात रोशनीचे वडील, काळूरामकाका, चहा बशीत ओतून विचारते झाले, “मंग, पगार काय हाय?” मी तोंड उघडणार तेवढ्यात माझ्या बाजूला बसलेला परेश बोलला. परेश म्हणजे नवीन पनवेलचा, माझा जिममधला मित्र, तीन वर्षांत चार कंपन्या बदललेला (सध्या दोन कंपन्यांच्या मधे आहे, मधे म्हणजे घरी). त्याला नोकरीतलं कळतं म्हणून मी त्याला सोबत आणला होता. तो टेचात म्हणाला, “तीन पेटी, काका!”

आता त्याच्या मुंबईच्या भाषेत पेटी म्हणजे लाख. आणि काळूरामकाका चाळीस वर्षं होडीवर. त्यांच्या भाषेत पेटी म्हणजे काय ते मी तुला सांगायला नको, तू आत्तासुद्धा एखाद्या पेटीवर बसूनच हे वाचत असशील. काकांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, “कसली पेटी?” परेशला वाटलं ते लहान रक्कम समजून हिणवतायत. तो म्हणाला, “कसली म्हणजे? चांगली, मोठी!” काका म्हणाले, “पापलेटाची?” त्यावर सगळे हसले. मला वाटलं काकांनी विनोद केला, म्हणून मीही हसलो, आणि हसता हसता मान हलली. वरून खाली. तेवढीच. त्या एका मानेने माझं वाटोळं केलं, कारण काकांनी लगेच विचारलं, “म्हैन्याला ना?” आणि मान अजून हलतच होती.

नंतर परेशने मोबाइलवर हिशेब करून दाखवला. पापलेटाची वीस किलोची पेटी, हजाराचा भाव, तीन पेट्यांचे साठ हजार. महिन्याला. आणि पहिल्या महिन्याचा पगार बँकेत आला तो सतरा हजार सहाशे. मी धावत एच.आर.च्या पद्मजा मॅडमकडे गेलो, म्हटलं काहीतरी सांडलंय. त्यांनी समजावलं, ते तुला तुझ्या भाषेत सांगतो, कारण मलाही ते तसंच समजलं. पॅकेज म्हणजे बर्फासकट पेटी. वजनकाट्यावर ठेवलीस तर आकडा झकास दिसतो. पण त्यात पीएफ आहे, तोही दोन्ही बाजूंनी माझाच. त्यात ग्रॅच्युइटी आहे, जी पाच वर्षं टिकलो तर मिळणार (मी कुठे पाच महिने टिकलोय?). त्यात विमा आहे, आणि ‘व्हेरिएबल’ नावाचा एक प्रकार आहे, तो साहेब खूश असेल तर वर्षाच्या शेवटी मिळतो. घरी येऊन बर्फ वितळला की खाली उरतो तो पगार. माझा पगार काकांच्या पेटीत घातला तर तीन सोड, एकही काठोकाठ भरत नाही.

मी विचारलं, मॅडम, वाढतो कधी? त्या म्हणाल्या, वर्षाने. काम बरं असेल तर पाच टक्के, चांगलं असेल तर आठ, आणि असामान्य असेल तर साडेआठ. (आत्ये, त्या अर्ध्या टक्क्यासाठी कोण असामान्य होईल?) परेशने पुन्हा हिशेब केला. दर वर्षी आठ टक्के धरले तरी मला साठ हजार व्हायला सोळा वर्षं लागतील. मी चाळिशीचा होईन. आणि तोवर पापलेट काय हजारावर थांबून माझी वाट बघणार आहे? परेश म्हणाला कंपनी बदल, एका उडीत तीस टक्के. मी त्याच्याकडे बघितलं. तो सकाळपासून आमच्याच घरी जेवत होता.

इकडे काळूरामकाकांनी करंजाभर सांगून टाकलं. साखरपुड्याला हॉल घेतला, बँजो सांगितला, आणि रोशनी फोनवर म्हणाली की पप्पा म्हणतात, “जावयाच्या मानानं व्हायला पायजे, तीन पेटीवाला हाय.” मला झोप लागेना. शेवटी मागच्या रविवारी ठरवलं, स्वतः जाऊन खरं सांगायचं. पहाटेची उरणची एसटी धरली, परेशला सोबत घेतलं (ही माझी दुसरी चूक), बसमध्ये वाक्य पाठ केलं: ‘काका, तीन पेटी म्हणजे वर्षाची, आणि तीही पैशांची.’ काका घरी नव्हते, जेटीवर होते. जेटीवर लिलाव चालू होता. तिथला गोंगाट तुला ठाऊक आहे, मी लहानपणापासून बाबांच्या टीव्हीसमोर वाढलेला कोळी, मला काय ठाऊक? काका पलीकडच्या टोकाला, मधे शंभर माणसं. मी हाका मारल्या, ऐकू जाईना. शेवटी हात वर केला, तीन बोटं दाखवली आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, “तीन पेटी!”

लिलाववाला म्हणाला, “दिल्या!”

बोंबलाच्या होत्या. तीनही. मी म्हणालो मला नको, तर मागचा एक म्हणाला, “ए पनवेल, बोली केली तर उचल आता, नाय तर मधी उभा नको राहू.” सहा हजार तीनशे झाले. मी मोबाइलने पैसे भरायला गेलो, तर तो गोल गोल फिरून लाल झाला. दुसऱ्यांदा केला, पुन्हा लाल. मग अर्धे परेशच्या मोबाइलवरून, थोडे खिशातून, आणि उरलेले चारशे त्याच्या आईने त्याला गॅससाठी दिलेले. घामाने माझा शर्ट पाठीला चिकटला होता. हे सगळं चालू असताना काळूरामकाका माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, “धंदा पन करतं वाटतं नोकरी सांभालून! बेस.” आणि पाठीवर थाप मारली. माझं पाठ केलेलं वाक्य त्या थापेसरशी गिळलं गेलं.

ते बोंबील टेम्पोने पनवेलला आणले. आईने गच्चीवर सुकायला घातले. माझे ऑफिसचे शर्ट त्याच गच्चीवर होते. सोमवारी पद्मजा मॅडमने दुपारपर्यंत सहन केलं (त्या माळकरी आहेत), मग मला दोन दिवस घरून काम करायला सांगितलं. आमच्याकडे घरून काम करायची सवलत फक्त मॅनेजरांना आहे. म्हणजे नोकरीतली पहिली बढती मला बोंबलाने दिली म्हणायची. पगार तोच.

आत्ये, हसू नकोस. साखरपुडा पुढच्या रविवारी आहे. मला रोशनी आवडते. ती बोलते कमी आणि हसते नाकातून, आणि मला अजून एकदाही ‘पुढे काय करायचं ठरवलंय’ असं विचारलं नाही. हॉलमध्ये सगळ्यांसमोर कुणी हिशेब काढला आणि काकांची मान खाली गेली, तर ती माझ्याकडे परत बघेल का? एवढीच भीती आहे. बाकी सगळं विनोद म्हणून सोडून देता येईल. काळजी घे. जेटीवर घसरू नकोस.

तुझा भाचा,
प्रणित

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. काळूरामकाकांना हे तू सांग. तुझ्या शब्दाला ते मान देतात. बर्फाचा दाखला दे, पण हळू आवाजात, आणि शक्यतो ओहोटीच्या वेळी, जेव्हा ते शांत असतात.

दुसरा ता. क. वरचं काम अजिबात करू नकोस! पाकीट चिकटवणार इतक्यात रोशनीचा फोन आला. मी धीर करून तिला तरी सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, “ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ट्रेनीला महिन्याला साठ हजार कोण देतं?” ती उरणच्या लॅबमध्ये आहे, बी.एस्सी., तिचंही पॅकेज असंच बर्फातलं आहे, आणि हातात माझ्यापेक्षा नऊशे जास्त येतात. (हे ऐकून मला आधी लाज वाटली आणि लगेच हायसं वाटलं.) आणि काका? त्यांना लिलावाच्या दिवशीच कळलं. तिला म्हणाले, “तीन पेटी पापलेट कमावणारा बोंबलाला येवढा घामाघूम नाय होत.” बँजो का नाही रद्द केला असं तिने विचारलं, तर म्हणाले, “पोरगा सोता येऊन सांगतं का नाय, ते बघतंय मी. सांगला तर बँजो हाय. नाय सांगला तर बघू.”

तिसरा ता. क. म्हणून शनिवारी मीच येतोय, एकटा, परेशला न घेता. रोशनीने बजावलंय की मला हे कळलंय हे काकांना कळता कामा नये. म्हणजे ज्याला माहीत आहे त्याला, त्याला माहीत आहे हे मला माहीत नसल्यासारखं सांगायचं आहे. तू फक्त माझ्या बाजूला बस. मी गप्प बसलो तर चिमटा काढ. आणि काका जेव्हा कपाळाला हात लावून “अरे देवा!” म्हणतील, तेव्हा, आत्ये, तुझ्या पाया पडतो, तू हसू नकोस. तूही म्हण.